पीटर्सबर्गच्या वेढ्यात जखमी झालेल्या शिपायाचं पुढे काय होई?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: अमेरिकेतल्या यादवी युद्धावर तुम्ही दीर्घकथा लिहिताय. १८६४ सालचा पीटर्सबर्गचा वेढा, नायक उत्तरेच्या, म्हणजे अध्यक्ष लिंकन यांच्या बाजूच्या, फौजेतला १९ वर्षांचा शिपाई. खंदकात बसलेला असताना त्याच्या मांडीत गोळी घुसते. फील्ड हॉस्पिटलात त्याला दातांत शिशाची गोळी धरायला देतात आणि पूर्ण शुद्धीत असतानाच पाय कापतात. पंधरा दिवसांनी तो कुबड्या घेऊन मोर्चावर मित्रांना भेटायला येतो. हे पटण्यासारखं आहे का, आणि अशा इस्पितळात सैनिकाचा दिवस कसा जात असेल, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल. मी इतिहासकार नाही. लष्कराच्या वैद्यकीय सेवेत चोवीस वर्षं सर्जन होतो, त्यातली सहा-सात वर्षं फील्ड हॉस्पिटलात गेली. या युद्धाचा नाद लागला तो बर्फातल्या एका पोस्टिंगवर, वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मग सुटलाच नाही. कारण जखमीला कुणी उचलायचं, कुठे थांबवायचं, टेबलावर आधी कुणाला घ्यायचं, याची सुरुवात नेपोलियनच्या फौजेत झाली असली तरी तिची नीट घडी बसली ती या युद्धात. मी जे करत आलो त्याचे खापरपणजोबा तिथे भेटले म्हणा ना.

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. पाय कापण्याचा प्रश्न सोपा आहे. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलाय, पण कथा तरेल की बुडेल ते त्याच्यावर ठरणार आहे. लढाईचं इस्पितळ आणि वेढ्याचं इस्पितळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लढाईचं इस्पितळ एखाद्या गोठ्यात नाहीतर चर्चमध्ये थाटतात आणि चार दिवसांत गुंडाळतात. वेढ्याचं इस्पितळ रुजतं. त्याला रस्ते फुटतात, विहिरी खणल्या जातात, धोबी लागतात, दफनभूमी लागते. तुमचं प्रकरण लढाईच्या इस्पितळाचं आहे आणि त्यावर तारीख वेढ्याची पडलीय.

वेढा म्हटलं की आपल्याला पन्हाळा आठवतो: चारही बाजूंनी चौक्या, मुंगी बाहेर पडणार नाही. पीटर्सबर्ग तसं नव्हतं. जून १८६४ ते एप्रिल १८६५, म्हणजे साडेनऊ महिने, उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याची फौज शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला खंदक खणत पश्चिमेकडे सरकत राहिली आणि दक्षिणेचा सेनापती ली याच्या फौजेला रसद पुरवणारे रस्ते आणि रेल्वेमार्ग एकेक करून तोडत राहिली. दक्षिणेची राजधानी रिचमंड तिथून जेमतेम चाळीस किलोमीटर उत्तरेला. वेढा घालणाऱ्यांच्या पाठीशी जेम्स नदी होती, नदीत आगबोटी होत्या. नदीकाठच्या सिटी पॉइंट या चिमुकल्या बंदरात ग्रँटने मुक्काम ठोकला आणि त्याच बंदराजवळ वेढ्याचं इस्पितळ उभं राहिलं. औषध, दूध, बर्फ, चादरी सगळं जहाजाने येई. समोरच्या बाजूला मात्र दिवसेंदिवस सगळ्याचाच खडखडाट. त्यामुळे तुमचा शिपाई कुठल्या बाजूचा हे तुम्ही ठरवलंत तेव्हा त्याचं निम्मं नशीब ठरवून टाकलंत.

उरलेलं निम्मं तारखेवर. १५ ते १८ जूनच्या पहिल्या हल्ल्यांत उत्तरेचे दहा हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. १८ तारखेला मेन राज्याच्या एका रेजिमेंटचे सहाशेहून जास्त जवान काही मिनिटांत पडले. त्या चार दिवसांत जखमी झालेल्याच्या वाट्याला रांग आली, ऊन आलं आणि धूळ आली. त्या उन्हाळ्यात तिथे आठवडेच्या आठवडे पाऊस नव्हता. ३० जुलैला सुरुंगाचा स्फोट झाला. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांच्या रेजिमेंटने पाचशे फुटांहून लांब भुयार खणून शत्रूच्या मोर्चाखाली ८,००० पौंड दारू ठासली होती. खड्डा पडला, पण हल्ला फसला आणि दोन फळ्यांच्या मध्ये जखमी तसेच पडून राहिले. त्यांना उचलायला युद्धविराम मिळाला तो १ ऑगस्टला. व्हर्जिनियाच्या उन्हात दोन दिवस पाण्याविना. तेव्हा उचलण्याजोगे फार थोडे उरले होते. आणि तुमचा शिपाई जानेवारीत जखमी झाला, तर तो लाकडी ओंडक्यांच्या बराकीत शेकोटीशेजारी झोपेल. तेव्हा तारीख आधी नक्की करा.

आता मांडीतली गोळी. खंदकात बसलेल्याच्या मांडीत समोरून गोळी सहसा लागत नाही. मांडी मातीआड असते. खंदकात लागतं ते डोक्याला, खांद्याला, हाताला, म्हणजे जे जे वर निघतं त्याला. समोर नेमबाज दिवसभर टपून असत, टोपी दिसली की गोळी. मांडीतच गोळी हवी असेल तर त्याला हल्ल्यात धावू द्या, किंवा पहाटे पाण्याचे कॅन्टीन भरायला मागे जाताना मोकळ्यावर गाठा. दुसरा पर्याय मला आवडेल, कारण वेढ्यात माणसं बहुतेक अशीच जात: पाणी आणताना, परसाकडे जाताना, पत्र वाचता वाचता विसरून उभं राहिल्यावर.

गोळी लागल्यावर त्याला उचलायला रुग्णवाहिका दलाची माणसं येतील. १८६२ च्या आधी हे काम बँडवाल्यांकडे असे नाहीतर ज्याला जमेल त्याच्याकडे, आणि एका जखमीला न्यायला चार धडधाकट मित्र जात ते परत येत नसत. जोनाथन लेटरमन नावाच्या डॉक्टरने पोटोमॅकच्या फौजेत (उत्तरेची व्हर्जिनियात लढणारी मुख्य फौज) स्वतंत्र गाड्या, स्वतंत्र माणसं आणि ठरलेले टप्पे अशी व्यवस्था लावली, आणि मार्च १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ती सगळ्या फौजांना लागू केली. म्हणजे तुमच्या नायकाला ही व्यवस्था ऐन भरात असताना मिळते. पहिला टप्पा खंदकामागचा: पट्टी, व्हिस्कीचा घोट, अफूची गोळी. दुसरा टप्पा डिव्हिजनचं फील्ड हॉस्पिटल, तोफांच्या टप्प्याबाहेर. पाय कापतील ते इथे. तिसरा टप्पा सिटी पॉइंट. तुम्ही हे तिन्ही एकाच तंबूत उरकलेत.

पाय कापायलाच हवा होता का? बहुधा हो, आणि यात त्या डॉक्टरांना खाटीक म्हणण्याची जी रीत पडलीय ती मला मान्य नाही. त्यांच्या समोर होती मिनी गोळी. मऊ शिसं, वजन तीस ग्रॅमच्या आसपास, व्यास जवळजवळ दीड सेंटिमीटर. आजच्या रायफलीच्या गोळीपेक्षा खूपच मंद, पण हाडावर आदळली की पसरते आणि हाडाचा चुरा करते. जाताना गणवेशाच्या चिंध्या, माती, घाम सगळं आत नेते. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, शिरेतून द्यायचं सलाइन नव्हतं, एक्स-रे नव्हता. असं चुरलेलं हाड ठेवलं तर पू होऊन माणूस जाई. पहिल्या एक-दोन दिवसांत कापलं तर वाचायची शक्यता जास्त, उशिरा कापलं तर कमी, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं होतं. तरी मांडीतून कापलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. गुडघ्याखाली कापलं तर तिघांतला एक. म्हणून मी म्हणेन गोळी नडगीत घाला. मांडीत घातलीत तर नायक जगवायला तुम्हाला जास्त कष्ट पडतील. आणि कुणी कापायचं हे वाटेल तो डॉक्टर ठरवत नसे. लेटरमनच्या हुकमानुसार प्रत्येक डिव्हिजनमध्ये मोठ्या ऑपरेशनसाठी ठरावीक अनुभवी सर्जन नेमलेले असत.

दातांत गोळी धरायला देण्याचा प्रसंग मात्र काढून टाका. क्लोरोफॉर्म भरपूर होता आणि बहुतेक सगळ्या मोठ्या ऑपरेशनांना वापरला गेला. रुमालाचा किंवा कापडाचा शंकू करून नाकावर धरत आणि थेंब थेंब सोडत. ईथर का नाही? ईथर पेटतो, आणि रात्री टेबलाशेजारी कंदील असे. शिवाय ईथरच्या बाटल्या वाहायला जास्त लागत आणि भूल चढायला वेळ लागे. आता तुम्ही विचाराल की मग किंकाळ्यांची इतकी वर्णनं कुठून आली. याचं उत्तर भूल देणाऱ्याला विचारा. भूल चढताना मधे एक टप्पा येतो, माणूस शुद्धीत नसतो पण हातपाय झाडतो, शिव्या देतो, आईला हाका मारतो. चार जण धरून ठेवतात. तंबूबाहेर बसलेल्या पुढच्या नंबरच्या जखमीला एवढंच ऐकू येतं, आणि तंबूच्या कडेला पडलेला हातापायांचा ढीग तेवढा दिसतो. तुमचा नायक त्या रांगेत बसलेला दाखवा. त्याच्यावर ऑपरेशन होतंय ते लिहू नका, त्याच्या आधीच्यावर होतंय ते लिहा.

आणि घाण. सर्जनच्या अंगात जुना कोट, त्यावर वाळलेलं रक्त. सुरी टेबलावरून पडली तर पाण्यात विसळून परत हातात. एकच स्पंज एका बादलीतून दहा जखमांवर फिरतोय. गोळी शोधायला बोट घालायचं, न धुतलेलं. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनचा जंतुनाशकावरचा लेख १८६७ चा, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षांनी. हे वाचताना मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही, घशाशी मात्र काहीतरी येतं. माझ्या नोकरीत अशी जखम आली की आम्ही मेलेलं मांस कापून काढायचो, धू धू धुवायचो आणि जखम शिवायचो नाही. उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवायची. नवा कॅप्टन आला की त्याचे हात शिवायला शिवशिवत, त्याला आवरावं लागे.

तिथून सिटी पॉइंट. जूनमध्ये घोडागाडीतून, धुळीत, खड्ड्यांतून. जुलैपासून लष्करी रेल्वे मोर्चाच्या मागे पोहोचू लागली आणि जखमी मालडब्यांत गवतावर झोपून येऊ लागले. ताजा थोटा पाय आणि रुळांचे सांधे, यावर तुम्हाला एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

सिटी पॉइंटचं डेपो फील्ड हॉस्पिटल साधारण दोनशे एकरांवर पसरलेलं होतं. बाराशे तंबू आणि गरज पडली तर दहा हजार माणसांची सोय. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं म्हणा. थंडी आली तशा तंबूंच्या जोडीला नव्वदेक लाकडी बराकी झाल्या. आत कोअरप्रमाणे (काही डिव्हिजन मिळून एक कोअर) वस्त्या पाडलेल्या: दुसरी कोअर, पाचवी, सहावी, नववी. आपल्या गावची, आपल्या कंपनीची माणसं शेजारच्या खाटेवर मिळत. औषधाला डॉक्टर लागतो, पण माणूस खाटेवर टिकून राहतो तो शेजाऱ्यामुळे. आमच्या वॉर्डात दोन साताऱ्याचे जवान शेजारी टाकले की झोपेच्या गोळ्या कमी लागत, हे मी स्वतः पाहिलंय.

दिवस कसा जाई? कंटाळवाणा. हा शब्द कथेत यायला हवा. सकाळी परिचारक पाण्याचं भांडं घेऊन फिरतो, मग न्याहारी. जेवण तीन प्रकारचं: पूर्ण, निम्मं आणि हलकं, आणि कुणाला काय हे डॉक्टर रोज लिहून देत. हलकं म्हणजे मांसाचा पातळ रस, रव्यासारख्या पिठाची पेज, डब्यातलं आटीव दूध, कधी दुधात ब्रँडी. यासाठी वेगळी स्वयंपाकघरं होती. मोर्चावर ज्या पोराने महिनाभर हार्डटॅक नावाची दगडी बिस्किटं कॉफीत बुडवून खाल्ली, त्याला इथे पहिल्यांदा कांदा-बटाटा दिसला असेल तर तो रडेलसुद्धा. सॅनिटरी कमिशन ही स्वयंसेवी संस्था स्कर्व्ही टाळायला भाज्या पाठवत असे. मग डॉक्टरांची फेरी, मग पट्ट्या, मग दुपार. माश्या. ख्रिश्चन कमिशन या तशाच दुसऱ्या संस्थेचे लोक कागद-पाकिटं वाटत, हात गेलेल्यांची पत्रं लिहून देत. पत्ते, बुद्धिबळ, बायबल, चकमकीच्या अफवा. रात्री मोर्चाकडून तोफा. दहा मैलांवरून आपल्याच कंपनीवर पडणारे गोळे ऐकत खाटेवर पडून राहायचं, हे मला त्या सगळ्या वर्णनांत सगळ्यात अवघड वाटतं.

पट्टीकडे नीट बघा, कारण तुमच्या नायकाचा खरा धोका तिथे आहे. पाय कापताना रक्तवाहिन्या रेशमी दोऱ्याने बांधत आणि दोऱ्याची टोकं लांब ठेवून जखमेबाहेर लोंबती सोडत. रोज पट्टीच्या वेळी डॉक्टर टोक हलकेच ओढून बघे, सुटतंय का. वाहिनीचं टोक नासून दोरा सुटला की तो बाहेर. पण खालची गाठ नीट बसली नसेल तर दोऱ्यामागोमाग रक्ताची चिळकांडी. हा रक्तस्राव बहुधा दुसऱ्या आठवड्यात होतो, माणूस बरा होतोय असं सगळ्यांना वाटत असताना. रात्री होतो, चादरीखाली. शेजाऱ्याला ओलं लागतं तेव्हा कळतं. रात्रपाळीच्या परिचारकाने बोट त्या जागी दाबून धरायचं आणि डॉक्टर येईपर्यंत सोडायचं नाही, पाऊण तास लागला तरी. तुमचे पंधरा दिवस नेमके या काळात येतात. तेव्हा पंधराव्या दिवशी त्याला मोर्चावर पाठवू नका. त्याचा जीव त्या रात्री कुणाच्या तरी अंगठ्याखाली ठेवा.

पू आलेला चांगला, असं तेव्हा मानत. घट्ट, पिवळसर पू आला म्हणजे जखम भरतेय. भीती वाटे ती पातळ, दुर्गंधी पाण्याची. पू रक्तात उतरून थंडी वाजू लागली की त्याला पायमिया म्हणत, आणि तो झालेल्या शंभरातले सत्त्याण्णव मरत. हे सगळं ताप यायच्या आधी नाकाला कळतं. आमच्याकडे सांगलीकडचा एक नर्सिंग असिस्टंट होता. थर्मामीटर लावायच्या आधीच वॉर्डाच्या दारात थबकायचा आणि म्हणायचा, "साहेब, सात नंबरला वास येतोय." पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा हसलो नाही. तुमच्या कथेत असं एक नाक असू द्या.

आता ज्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही ते. त्या इस्पितळातल्या कुठल्याही साध्या दिवशी तुमच्या नायकाच्या आजूबाजूला गोळी लागलेल्यांपेक्षा आजारी माणसंच जास्त दिसतील. या युद्धात मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगाने मेले. हगवण, विषमज्वर, हिवताप, न्यूमोनिया. एकाच जागी महिनोन्महिने हजारो माणसं बसली की पाणी आणि संडासाचे चर जवळ येत जातात, आणि वेढ्यात तर माणूस हलूच शकत नाही. मी तरुण कॅप्टन असताना एका सीमेवरच्या छावणीत तीन दिवसांत चाळीस जवान जुलाबाने आडवे झाले. मी औषधं वाटत बसलो होतो. आमच्या म्हाताऱ्या सुभेदाराने मला हाताला धरून पाण्याच्या टाकीशी नेलं आणि वरच्या अंगाला खणलेला चर दाखवला. काही बोलला नाही. सिटी पॉइंटच्या डॉक्टरांकडे १८६४ साली असा चर दाखवणारं शास्त्र अर्धंच होतं. वास म्हणजे रोग, अशी समजूत, त्यामुळे चुना टाकत, रस्ते झाडत, तंबूंच्या कडा वर गुंडाळून वारा खेळवत. कारण चुकीचं, पण उपाय बरेचसे बरोबर. म्हणूनच सिटी पॉइंट इतकं नीटनेटकं होतं.

औषधं? हिवतापाला क्विनीन, तेही कडू म्हणून व्हिस्कीत घालून. पोराला व्हिस्की आवडायची, क्विनीन नाही, हा विनोद तुम्ही बिनधास्त वापरा. हगवणीला अफू. आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध, ज्याने लाळ गळे, हिरड्या सुजत, दात हलत. सर्जन जनरल, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख, विल्यम हॅमंडने १८६३ मध्ये ते फौजेच्या यादीतून काढलं तर डॉक्टरमंडळीच त्याच्यावर उलटली. पुढच्या वर्षी त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि त्याला काढून टाकलं. कारणं त्याला इतरही होती, पण औषधाच्या यादीला हात लावणाऱ्याचं काय होतं हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

तुमच्या नायकाची सेवा कोण करतंय? स्त्री-परिचारिका होत्या, पण मोजक्या. बहुतेक परिचारक शिपाईच, कालचा रुग्ण. चालता यायला लागलं की हातात झाडू नाहीतर पाण्याचं भांडं येई. अवयव गेलेल्यांसाठी व्हेटरन रिझर्व्ह कोअर नावाचं दल होतं. त्यातली माणसं इस्पितळात स्वयंपाकी, कारकून, पहारेकरी, परिचारक म्हणून राहत. पाय गेलेला तुमचा पोरगा गावी जाण्याऐवजी तिथेच राहिला, तर त्याला पुढचे सात महिने तुम्ही आतून दाखवू शकता. सरकार कृत्रिम पायाला ७५ डॉलर देई, हाताला ५०. शिपायाचा महिन्याचा पगार तेव्हा १६ डॉलर होता.

कृष्णवर्णीय सैनिकांना कथेतून वगळू नका. सुरुंगाच्या हल्ल्यात त्यांची एक अख्खी डिव्हिजन होती आणि त्या खड्ड्यात शरण आलेल्यांपैकी कित्येकांना तिथेच मारलं गेलं. त्यांना समान पगार देणारा कायदाही त्याच वर्षी जूनमध्ये झाला. सिटी पॉइंटला त्यांचं इस्पितळ वेगळं होतं आणि सुरुवातीला हाल होते. हेलन गिल्सन या बाईंनी तिथलं स्वयंपाकघर आणि व्यवस्था हातात घेतल्यावर ते बदललं.

दक्षिणेच्या बाजूबद्दल थोडंच लिहितो, तुमचा नायक तिकडचा नाही म्हणून. त्यांचे डॉक्टर कमी हुशार नव्हते. रिचमंडच्या चिंबोराझो इस्पितळात युद्धभरात पाऊण लाखाच्या आसपास रुग्ण हाताळले गेले. पण उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली होती. क्विनीन चोरून येई, नाहीतर झाडांच्या सालींचे काढे. याच नाकेबंदीने कापूसही अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस घ्यावा लागला आणि मुंबईत पैशांचा पूर येऊन शेअरसट्टा माजला. एप्रिल १८६५ मध्ये पीटर्सबर्ग आणि रिचमंड पडलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. तुमच्या कथेतला एक तंबू असा आपल्या फोर्टापर्यंत पोहोचतो.

कथेला मधे धक्का हवा असेल तर ९ ऑगस्ट १८६४ घ्या. दक्षिणेच्या एका हेराने घड्याळाचा बॉम्ब लाकडी खोक्यात घालून दारूगोळ्याच्या बार्जवर पोचवला आणि सिटी पॉइंटचा धक्का उडाला. किमान ४३ जण मेले, त्यांत कितीतरी हमाल. त्या वेळी तुमचा नायक मैलभरावर खाटेवर पडलेला असेल. खंदकातून सुटलो असं त्याला नुकतंच वाटू लागलेलं असेल. आणि शेवटाकडे यायचं असेल तर ८ एप्रिल १८६५. लिंकन त्या इस्पितळात आले आणि दिवसभर तंबूतंबूंतून फिरून हजारो जखमींशी हात मिळवले, दक्षिणेच्या जखमी कैद्यांशीसुद्धा. पुढे आठवडाभरात त्यांची हत्या झाली.

तर तुमच्यासाठी एवढं: गोळी नडगीत, तीही पाणी आणायला जाताना. डिव्हिजनच्या इस्पितळात रांग, क्लोरोफॉर्म, दुसऱ्याच्या किंकाळ्या. मालडब्यातला प्रवास. सिटी पॉइंटचा कंटाळा, दुसऱ्या आठवड्यातली रात्र, शेजारच्या खाटेवर हगवणीने झिजणारा मित्र. आणि मोर्चावर मित्रांना भेटायला त्याने जायचं नाही, मित्रांनीच एकेक करून त्याच्याकडे यायचं.

एक तपशील राहिला. फौज तेव्हा ओळखीचे बिल्ले देत नसे. पोरं स्वतःच कागदावर नाव लिहून कोटाला टाचत. सिटी पॉइंटच्या लष्करी दफनभूमीत पाच हजारांहून अधिक जण आहेत आणि बहुतेकांच्या दगडावर नाव आहे, कारण ते खाटेवर मेले, कारकुनाने नोंद केली, सुताराने फळीवर नाव रंगवलं. तिथून काही मैलांवर पॉप्लर ग्रोव्हची दफनभूमी आहे. मोर्चाजवळच्या शेतांतून, खड्ड्यांतून नंतर गोळा केलेले सांगाडे तिथे आहेत. त्यातल्या बहुतेक दगडांवर फक्त नंबर आहे. तुमच्या नायकाचा हगवणीने गेलेला तो मित्र सिटी पॉइंटला पुरला जाईल. फळीवर नाव रंगवायचं काम व्हेटरन रिझर्व्ह कोअरमधल्या कुणाकडे द्यायचं ते तुम्हाला एव्हाना सुचलंच असेल. स्पेलिंग त्याला येत असेल असं मात्र धरून चालू नका.